पहिली इलेक्ट्रिक गिटार हाताने बनवताना: चूक कुठे खपते, कुठे नाही

१९६३ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मदतीने घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. दुकानातली गिटार परवडत नव्हती. नेकसाठी, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यासाठी, त्यांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं. त्याला किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक लाकूड गेलं, आणि तारांचा ताण सावरायला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लागल्या. कामाला सुमारे दोन वर्षं गेली. तो मुलगा म्हणजे ब्रायन मे, पुढे क्वीन या बँडचा गिटारवादक. आणि ती गिटार, 'रेड स्पेशल', तो तेव्हापासून वाजवत आला आहे.

ही गोष्ट ऐकली की पहिल्यांदा वाटतं, हे काही आपल्या आवाक्यातलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण स्वतः एक गिटार बनवल्यावर माझं मत पक्कं झालं: इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य नवख्या माणसाच्या बहुतेक चुका पोटात घालतं. चार-पाच जागा मात्र अशा आहेत जिथे ते काडीचीही सवलत देत नाही. त्या जागा आधी ओळखल्या की काम निम्मं सोपं होतं.

## भरीव फळीतून सूर येतो कसा?

साध्या, पोकळ गिटारीत तार छेडली की तिची थरथर ब्रिजमधून, म्हणजे आपल्या घोडीतून, वरच्या पातळ फळीत उतरते. ती फळी हवा हलवते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. फळीची जाडी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी आवाज बदलतो. म्हणूनच पोकळ गिटार बनवणं हे वर्षानुवर्षांच्या हातसवयीचं काम आहे.

इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी. तिथे तारांखाली पिकअप बसवलेला असतो: लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे. सायकलचा डायनॅमो आठवा. तिथे चुंबक फिरतो आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज तयार होते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच, फक्त गिटारीत चुंबक जागेवर असतो आणि हलते ती पोलादी तार. चुंबकाजवळ असल्यामुळे तारही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र त्याच लयीत बदलतं, आणि एक अगदी क्षीण विद्युतलहर केबलमधून अँप्लिफायरकडे जाते. अशा गिटारीला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही.

म्हणजे इथे फळीला गायचं नसतं. नेक, ब्रिज आणि पिकअप एकमेकांपासून नेमक्या अंतरावर घट्ट धरून ठेवायचे, एवढंच तिचं मुख्य काम. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंच बाय चार इंचांच्या सरळ लाकडी खांबावर तारा आणि पिकअप चढवले होते. तो खांब वाजत होता. तो गिटारसारखा दिसावा म्हणून त्याने पोकळ गिटारीचे दोन अर्धे भाग त्याच्या कडांना जोडले, एवढंच.

तेव्हा बॉडीचा वळसा थोडा चुकला, नेकच्या दोन बाजूंना पुढे येणाऱ्या शिंगांपैकी एक दुसऱ्यापेक्षा जाड झालं, तळाशी काप खोल गेला, तरी सुरात फरक पडत नाही. दिसण्यात पडेल.

## मग अचूकता लागते कुठे? एका लांबीत

हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या डोक्याच्या, पायथ्याशी असलेली खाचांची पट्टी म्हणजे नट. नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग वाजतो त्याच्या लांबीला स्केल लेंग्थ म्हणतात. फेंडर कंपनीच्या बहुतेक गिटारींत ती २५.५ इंच, म्हणजे जवळपास ६४८ मिलिमीटर असते. गिब्सनच्या बऱ्याचशा गिटारींत थोडी कमी. तुम्ही कोणतीही घ्या, पण एकदा घेतली की बदलायची नाही. नेकवरचा प्रत्येक पडदा, म्हणजे फ्रेट, याच आकड्यावरून ठरतो.

तार बरोबर मध्यावर दाबली की सूर एक सप्तक वर जातो. म्हणून बारावा फ्रेट ३२४ मिलिमीटरवर येतो. मधल्या बारा पायऱ्या कानाला सारख्या वाटायच्या असतील तर प्रत्येक पायरीला उरलेल्या लांबीचा सारखाच हिस्सा कमी व्हायला हवा. तो हिस्सा काढायला उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची. ६४८ ला भागलं की ३६.३७ मिलिमीटर: हा पहिला फ्रेट. उरलेल्या ६११.६३ ला भागलं की ३४.३३: हे पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटमधलं अंतर. असं करत पुढे जाताना अंतरं आखडत जातात. अकराव्या आणि बाराव्यात १९.२७ मिलिमीटर उरतात, एकविसाव्या आणि बाविसाव्यात १०.८१.

हा आकडा माणसांनी फार जुन्या काळापासून शोधला आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई हे स्वतः ल्यूट, म्हणजे गिटारसारखं एक जुनं तंतुवाद्य, वाजवायचे. त्यांनी १५८१ मध्ये १८ ने भागायचा नियम सांगितला होता. तोंडी हिशेबाला तो सोपा, पण ६४८ च्या गिटारीवर वापरला तर बारावा फ्रेट मध्यापासून सव्वादोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे पडतो.

सतारीचे पडदे बांधलेले असतात, ते सरकवून सूर दुरुस्त करता येतो. गिटारचा फ्रेट एकदा खाचेत ठोकला की ठोकला. त्यामुळे इथे दोन गोष्टी जीव लावून पाळाव्यात.

पहिली, सगळी मापं नटपासूनच घ्यायची. एका फ्रेटपासून पुढचा असं मोजत गेलात आणि दर वेळी ०.२ मिलिमीटर जास्त गेलं, तर बाविसाव्या फ्रेटपर्यंत ४.४ मिलिमीटरचा घोळ होतो. तिथे तो जवळजवळ ४२ सेंटचा बेसूर आहे. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. चार-पाच सेंटचा फरक तयार कानाला खटकतो, ४२ सेंट तर कोणालाही खटकतील.

दुसरी, खुणा पेन्सिलीने न करता धारदार सुरीने करायच्या. मी पहिल्यांदा पेन्सिल वापरली. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं की माझी रेघच अर्धा मिलिमीटर जाड आहे, आणि करवत त्या रेघेच्या कुठल्या काठावर बसेल याचा नेम नव्हता. पहिल्या फ्रेटजवळ अर्ध्या मिलिमीटरने दीड सेंटसुद्धा चुकत नाही, पण बाविसाव्यापाशी जवळपास पाच सेंट चुकतात. सुरीने पाडलेल्या चिरेत मात्र करवतीचं पातं आपसूक जाऊन बसतं. ही करवतही खास हवी: खाच साधारण ०.६ मिलिमीटर रुंद पडली पाहिजे. रुंद पडली तर फ्रेट धरत नाही, अरुंद पडली तर फळी फुगून नेक मागे वाकतो.

## दुसरी जागा: मध्यरेषा

कागदावर काढलेली, फळीवर उतरवलेली आणि शेवटपर्यंत जपलेली एक सरळ रेघ. नेकची मध्यरेषा, बॉडीची मध्यरेषा आणि ब्रिजचा मध्य एकाच ओळीत आले पाहिजेत.

माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. बॉडी घासताना मध्यरेषा पॉलिश पेपरखाली गेली. मी ती अंदाजाने पुन्हा काढली आणि ब्रिजची भोकं पाडली. तारा चढवल्यावर दिसलं की ब्रिज तीन मिलिमीटर एका बाजूला सरकलाय. वाचताना तीन मिलिमीटर फार वाटत नाहीत. पण शेवटच्या फ्रेटपाशी त्यातले दोन मिलिमीटर उरतातच, आणि तिथे बाहेरची तार फ्रेटच्या काठापासून मुळात तीन-साडेतीन मिलिमीटरच आत असते. जरा जोर लावला की तार घसरून नेकच्या खाली उतरायची. शेवटी भोकांत लाकडाचे गोल खुंटे डिंकाने बसवले, दोन दिवस वाळू दिले आणि पुन्हा भोकं पाडली. ते खुंटे आजही ब्रिजच्या कडेला दिसतात.

तेव्हापासून भोक पाडायच्या आधी मी नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजपर्यंत दोरे ताणतो. दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर धावताना डोळ्यांना दिसले की मगच ड्रिल हातात घ्यायचं.

## नेक: ४५ किलो ओढणारी सडपातळ काठी

गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की मिळून साधारण ४५ किलोंच्या जोराने नेक ओढतात. नेकची जाडी असते वीस-बावीस मिलिमीटर. धनुष्याची दोरी ताणली की काठी वाकते, तसा नेकही वाकू पाहतो. त्याला उलट बाजूने ताण द्यायला फ्रेटबोर्डखाली, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीखाली, एक लोखंडी सळई घातलेली असते, ती ट्रस रॉड. टोकाचा लोखंडी नट (खाचांच्या पट्टीचा नव्हे) पिळला की ती नेकला मागे खेचते. हिच्यासाठीची खोबण सरळ आणि घट्ट असावी लागते, सैल राहिली तर सळई आत खडखडते. लाकडाच्या रेषाही लांबीत सरळ धावणाऱ्या हव्यात. रेषा तिरक्या जाऊन कडेला बाहेर पडत असतील, तर ती फळी कितीही देखणी असली तरी नेकसाठी घेऊ नका.

आता मनापासूनचा सल्ला: पहिल्या वेळी नेक तयार विकत घ्या.

"मग हाताने बनवली असं कसं म्हणायचं?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकू येतो. लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास भरीव गिटार बाजारात आणली तेव्हा नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडला. नेक वेगळा बनवता यावा, बिघडला तर बदलता यावा, हा त्यामागचा विचार. वेगळा नेक आणून बसवणं हे त्या रचनेतच आहे. शिवाय आपण वर पाहिलं, सुराचा सगळा नाजूक हिशेब नेकमध्ये आहे आणि चुका पोटात घालणारा भाग बॉडीत. शिकणाऱ्याने आधी जिथे चूक खपते तिथे हात बसवावा. दुसऱ्या गिटारीला नेकही स्वतः करा. मी तसंच केलं, आणि हाताला रेषांची ओळख झालेली असल्यामुळे तो नेक सरळ निघाला.

## "माझ्याकडे एवढी मशीनं कुठे आहेत?"

लागत नाहीत. जिगसॉ किंवा साधी नक्षीची करवत, ड्रिल, पटाशी, दोन-तीन कानशी, चार-सहा क्लॅम्प आणि भरपूर पॉलिश पेपर, एवढ्यावर बॉडी होते. राउटर मिळाला तर पिकअपच्या खोबणी आणि नेकची खोबण सफाईदार होते.

राउटर म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं. त्याची भीती असावी, पण घाबरून दूर राहू नये. प्लायवूडची टेम्प्लेट, म्हणजे साचा, आधी कानशीने निगुतीने घासून तयार करायची, बॉडीवर घट्ट बसवायची आणि पात्यावरचं छोटं चाक तिच्या कडेने फिरू द्यायचं. एका फेरीत चार-पाच मिलिमीटरच खोल जायचं. शिंगांच्या वळणावर, जिथे रेषांची टोकं समोर येतात, तिथे पातं लाकूड कापण्याऐवजी उपटतं. असं होण्याआधी एक क्षण आवाज बदलतो, गुणगुण थांबून खरखर सुरू होते. तो ऐकू आला की हात सैल न सोडता थांबा, आणि तेवढी जागा कानशीने करा. मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय यातलं काहीही करू नका. शिसवीसारख्या लाकडाची धूळ कित्येकांच्या त्वचेला आणि छातीला सोसत नाही.

नेकची खोबण ही सवलत न देणारी तिसरी जागा. नेक तिच्यात इतका अंगाबरोबर बसावा की स्क्रू न लावता नेक धरून उचललं तरी बॉडी सुटून पडू नये. खोबण आधी अर्धा मिलिमीटर लहान ठेवा आणि पॉलिश पेपरने वाढवा, कारण काढलेलं लाकूड परत येत नाही.

ब्रिज पहिल्या वेळी बॉडीवर सपाट बसणारा, न हलणारा घ्या. काही प्रकारचे ब्रिज उंच असतात, त्यांच्यासाठी नेक दोन-चार अंशांनी मागे झुकवावा लागतो. त्या कोनाचा हिशेब दुसऱ्या गिटारीसाठी ठेवा.

## "पण आवाज लाकडावर अवलंबून असतो ना?"

या प्रश्नावर वादकांची भांडणं होतात. माझं मत असं: पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, फक्त तार ऐकू येते. तार कशी थरथरते आणि किती वेळ थरथरते यावर लाकूड आणि जोडकाम यांचा थोडा परिणाम होतो. पण पिकअपचा प्रकार, तो तारांपासून किती अंतरावर आहे, तारा नव्या की जुन्या आणि अँप्लिफायर कोणता, यांच्यापुढे तो परिणाम लहान आहे. लाकूड निवडताना ते नीट वाळलेलं आहे का, वजनाला झेपेल का आणि हत्याराला सरळ कापू देतं का, हे आधी पाहा. ओलसर लाकूड महिन्याभराने पिळवटलं तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

पिकअपसुद्धा पहिल्या वेळी विकतच घ्या. ब्रायन मेने आधी स्वतःच्या हाताने पिकअप गुंडाळले होते, पण तारा ओढून वाजवताना त्यांचा आवाज मनासारखा येईना, म्हणून शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे बसवले. पिकअप एका वेटोळ्याचा असेल तर तो आसपासच्या विजेच्या तारांची घुंईही पकडतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर उपाय केला: दोन वेटोळी अशी उलटसुलट जोडायची की घुंई एकमेकांना खोडते आणि तारेचा सूर मात्र दुणावतो. हाच हंबकर.

## जोडकाम: शॉक बसेल का?

गिटारच्या आतल्या तारांत एका व्होल्टहूनही कमी दाब खेळत असतो, त्याने शॉक बसत नाही. भीती अँप्लिफायरच्या पोटात आहे, तो कधीही उघडू नका. त्याच्या प्लगला नीट अर्थिंग आहे की नाही हे मात्र जरूर तपासा, कारण गिटारच्या तारा ब्रिजमधून त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात.

सर्किट अगदी छोटं असतं. आवाज कमीजास्त करायला एक पॉट, म्हणजे फिरवायचा रोधक. टोनसाठी दुसरा पॉट आणि एक कपॅसिटर, जो तीक्ष्ण सूर अर्थिंगकडे गळू देतो. शेवटी केबल घालायचा जॅक. एका वेटोळ्याच्या पिकअपला सहसा २५० किलोओहमचे पॉट लावतात, हंबकरला ५०० चे. सोल्डर करताना आधी जोड तापवायचा आणि मग त्यावर कथील वितळू द्यायचं. कथील सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून जोडावर थापलं तर जोड मातकट दिसतो आणि पुढे कधीतरी दगा देतो. ब्रिजच्या खाली अर्थिंगची तार टाकायला विसरू नका. ती असली की तारांना हात लावताक्षणी घुंई कमी होते.

रंगकामाबद्दल एवढंच सांगतो: तेलाचं पॉलिश नवख्याला सर्वांत सोपं. फक्त जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून, उघड्यावर वाळू द्या.

## शेवटची जागा: सूर जुळवणं

ब्रिजवर प्रत्येक तारेला पुढेमागे सरकणारा एक छोटा आधार असतो, तो सॅडल. सर्वांत बारीक तारेचा सॅडल ६४८ वर येईल अशा बेताने ब्रिज बसवा, आणि सॅडल मागे सरकायला भरपूर जागा ठेवा. तार फ्रेटवर दाबताना ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तार ताठ असल्यामुळे जास्त चढते, म्हणून तिची लांबी तीन-चार मिलिमीटर वाढवावी लागते.

आधी ट्रस रॉड पाहा. एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी जाडसर कागदाएवढी, ०.२ ते ०.३ मिलिमीटरची फट दिसावी. कमीजास्त असेल तर रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा. मग तारांची उंची, बाराव्या फ्रेटपाशी दीड ते दोन मिलिमीटर. त्यानंतर प्रत्येक तारेला बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, आणि तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर ट्यूनरवर चढा दिसला तर सॅडल मागे घ्या, उतरता दिसला तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावूनच मोजा.

हे सगळं पहिल्याच संध्याकाळी जुळून येतं, आणि सकाळी गिटार हातात घेतली की पुन्हा बिघडलेलं असतं. त्यात दोष तुमचा नाही. नव्या तारा ताणल्या जात असतात आणि नेकला ४५ किलोंची सवय व्हायची असते. सॅडलचे स्क्रू तसेच ठेवा, रोज सुरात लावून वाजवत राहा, आणि आठवड्याने ट्रस रॉडपासून पुन्हा एकदा सुरुवात करा.